मोठ्या स्पीकरला ॲम्प कुठला लावायचा? पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा सिस्टिम जमवणाऱ्यांसाठी

मोठे टॉवर स्पीकर घेतले की पहिला प्रश्न ठरलेला, स्पीकरवर २०० वॅट लिहिलंय मग ॲम्प (ॲम्प्लिफायर) पण २०० वॅटचाच पाहिजे ना? दुकानात विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात, ओळखीतला कोणी जाणकार असेल तर तो म्हणतो दुप्पट घे, आणि तिसरा सांगतो ५० वॅटचा जुना जपानी ॲम्प घे, बाकी सगळं विसर. तिघांचंही कधी ना कधी बरोबर निघतं, म्हणूनच नवीन माणूस गोंधळतो. माझं म्हणणं एवढंच की वॅटचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी स्पीकर काय मागतोय ते बघा, मग तुमचा हॉल केवढा आणि तुम्ही किती लांब बसता ते बघा, मग ॲम्प कमी ओहमवर टिकतो का ते बघा, एवढं झालं की वॅट आपोआप ठरतात. खाली त्याच क्रमाने लिहितोय.

आणि ते स्पीकरवरचे २०० वॅट, तो स्पीकर साधारण किती सहन करेल याचा अंदाज आहे, त्याला किती लागतं याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

पायरी १: स्पीकरच्या मागची पाटी वाचा

टर्मिनलच्या वर किंवा खाली एक छोटी पाटी असते, तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि उरलेले आकडे कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्या. तीन आकडे हवेत, सेन्सिटिव्हिटी, नॉमिनल इम्पीडन्स आणि मिनिमम इम्पीडन्स. इम्पीडन्स म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो ते, ओहममध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका ॲम्पवर भार जास्त; नॉमिनल म्हणजे नावापुरता आकडा, मिनिमम म्हणजे सगळ्यात कमी. तिसरा पाटीवर शक्यतो नसतो, बऱ्याच कंपन्या मॅन्युअलमध्येही देत नाहीत, पण टॉवर स्पीकरसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठराविक इनपुट दिला की एक मीटर अंतरावर किती आवाज येतो, ८७ डीबी (डेसिबल), ९० डीबी असं लिहिलेलं असतं. हे आकडे वाचताना लक्षात ठेवा की ३ डीबीचा फरक म्हणजे ॲम्पची पॉवर दुप्पट किंवा निम्मी आणि १० डीबी म्हणजे दहापट, त्यामुळे ८४ आणि ९० मध्ये कागदावर नुसता सहाचा फरक दिसला तरी तेवढ्याच आवाजाला ८४ वाल्यासाठी ॲम्पला चौपट पॉवर द्यावी लागते.

मोठा स्पीकर म्हणजे चालवायला जड, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. क्लिप्श कंपनीचा क्लिप्शहॉर्न १९४६ पासूनचा, खोलीचा एक अख्खा कोपरा खाणारा, त्याची सेन्सिटिव्हिटी कंपनी १०५ डीबी सांगते. बीबीसीने डिझाईन केलेला एलएस३/५ए शेल्फवर बसतो एवढासा, आणि तो ८३ च्या आसपास. २२ डीबीचा फरक, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी छोट्याला दीडशे पटीहून जास्त पॉवर लागते. आकार बघून ॲम्प ठरवायचा नाही तो यासाठी.

आता यातली एक मेख. बऱ्याच पाट्यांवर '२.८३ व्होल्ट, १ मीटर' असं लिहिलेलं असतं. ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट, पण स्पीकर ४ ओहमचा असेल तर तेवढ्याच व्होल्टला तो २ वॅट ओढतो. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरवर ९० लिहिलं असेल तर १ वॅटच्या हिशोबाने तो ८७ चाच आहे. कंपनी खोटं बोलत नाहीये, पण दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हीचे आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना एवढं बघा.

पायरी २: हॉल आणि बसायची जागा मोजा, मग हिशोब करा

मोजायची टेप घ्या आणि सोफ्यावर तुमचं डोकं जिथे येतं तिथून स्पीकरपर्यंतचं अंतर मोजा. आपल्याकडे टू बीएचकेच्या हॉलमध्ये हे अंतर बहुतेक वेळा अडीच ते साडेतीन मीटर निघतं, कोथरूड असो नाहीतर वाकड. मोकळ्या मैदानात एका मीटरवरून तीन मीटरवर गेलं की साडेनऊ डीबी कमी होतात, बंद खोलीत भिंती थोडा आवाज परत देतात म्हणून साधारण सहा धरा, आणि स्पीकर दोन आहेत म्हणून तीन परत मिळवा. म्हणजे ८७ चा स्पीकर १ वॅटवर तुमच्या कानाशी ८४ देतो. हा अंदाज आहे, पण खरेदीसाठी पुरेसा आहे.

आता बघा. घरात चांगलं मन लावून ऐकायचं तर सरासरी ७५ डीबी खूप झाले, म्हणजे ८४ पेक्षा ९ कमी, म्हणजे ॲम्प जेमतेम एक अष्टमांश वॅट देतोय! पण गाण्यात सरासरी आणि उसळी यात मोठा फरक असतो, चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची थाप सरासरीच्या वर १५ ते २० डीबी सहज जाते, म्हणजे ७५ वर ऐकताना ती थाप ९५ ला पोचते आणि त्या क्षणी ॲम्पला साधारण १२-१३ वॅट द्यावे लागतात. आणि रविवारी दुपारी घरात कोणी नाही, तुम्ही आवाज ८५ वर नेला, तर तीच थाप १०५ मागते आणि हिशोब सव्वाशे वॅटवर जातो. एक अष्टमांश वॅटपासून सव्वाशेपर्यंत, सगळं एकाच ॲम्पवर, एकाच गाण्यात नसलं तरी एकाच आठवड्यात. याच स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९१ असती तर सव्वाशेच्या जागी ५० वॅट पुरले असते.

म्हणून तुम्ही खरंच किती मोठ्याने ऐकता हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. मोबाईलवर आवाज मोजायचं कुठलंही ॲप टाका, सोफ्यावर बसा, नेहमीचं गाणं नेहमीच्या आवाजात लावा आणि आकडा बघा. मोबाईलचा माईक अगदी अचूक नसतो पण ७० का ८५ एवढं नक्की कळतं, आणि वर बघितलंत तसं त्या १५ मध्ये पॉवरचा केवढा फरक पडतो.

ज्यांना ढोलताशाच्या रेकॉर्डिंग मोठ्याने ऐकायच्या असतात त्यांना वेगळं सांगतो. तिथे खालचा बास सलग येत राहतो, मधे उसंत नाही, आणि त्यात टोनचं बासचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवलेलं असतं. बास ६ डीबी वाढवला की त्या पट्ट्यात चौपट पॉवर जाते, १० वाढवला की दहापट. अशा ऐकण्यासाठी वरच्या हिशोबाच्या दुप्पट मोठा ॲम्प घ्या आणि बासचं बटण मधेच राहू द्या.

पायरी ३: ओहम, इथे खरी परीक्षा आहे

पाटीवरचे ८ ओहम म्हणजे सरासरी नाव आहे, स्पीकरचा इम्पीडन्स प्रत्येक सुराला बदलतो. कुठे २० ओहम असेल, कुठे ३. मोठ्या टॉवरमध्ये दोन-तीन वूफर (बास वाजवणारे मोठे ड्रायव्हर) पॅरलल जोडलेले असतात (८ ओहमचे दोन पॅरलल म्हणजे ४) आणि क्रॉसओव्हर (वूफर-ट्विटरमध्ये सूर वाटून देणारं आतलं सर्किट) अजून खाली ओढतो, त्यामुळे बऱ्याच टॉवरमध्ये सगळ्यात मोठा खड्डा ८० ते २०० हर्ट्झच्या मधे कुठेतरी असतो. आणि नेमका तिथेच आपल्या संगीतातला जीव आहे, डग्ग्याचा घुमारा, ढोलकीची धुम, खर्जातला आवाज. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक सांगतं की मिनिमम इम्पीडन्स नॉमिनलच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहम लिहायचं तर ६.४ च्या खाली नको, पण ३-साडेतीनपर्यंत जाणारे स्पीकर '८ ओहम' म्हणून सर्रास विकले जातात.

याने काय होतं ते आकड्यातच बघा. ॲम्प २० व्होल्ट देतोय. समोर ८ ओहम असतील तर अडीच अँपिअर करंट आणि ५० वॅट. त्याच क्षणी स्पीकर ३ ओहमच्या खड्ड्यात असेल तर करंट पावणेसात अँपिअर आणि पॉवर १३३ वॅट. व्हॉल्यूमचं बटण हललेलं नाही, गाणं तेच, फक्त सूर खाली आला. ज्या ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर आणि आऊटपुट ट्रान्झिस्टर यासाठी बनवलेले नाहीत तो इथे धापा टाकतो, बास पातळ आणि ढिला होतो, वर ट्रेबल चिरका लागतो, फारच ताणलं तर प्रोटेक्शन (ॲम्पला वाचवणारं आतलं सर्किट) लागून आवाज बंद. आणि आपण म्हणतो स्पीकरला दम नाही.

म्हणून ॲम्पच्या मॅन्युअलमध्ये ८ ओहम आणि ४ ओहम असे दोन्ही आकडे शोधा. ८ ला ५० आणि ४ ला ८० ते १०० लिहिलं असेल तर पॉवर सप्लाय तगडा आहे. ४ ओहमचा आकडाच दिला नसेल किंवा 'किमान ६ ओहम' असं छापलं असेल तर मोठ्या टॉवरला तो ॲम्प नको, मग ८ ओहमवर १०० वॅट का लिहिलेलं असेना. १९७८ चा एनएडी ३०२० हा ॲम्प कागदावर २० वॅटचा, पण कमी ओहमवर क्षणभर भरपूर करंट द्यायचा, आणि त्यामुळे कागदावर दुप्पट असलेल्या कितीतरी ॲम्पना जे स्पीकर जमायचे नाहीत ते तो चालवायचा. इतक्या वर्षांनंतरही लोक त्याचं नाव काढतात ते यामुळे.

मिनिमम इम्पीडन्स कुठेच सापडला नाही तर मल्टीमीटरने अर्धा अंदाज येतो. तापकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो तोच पुरे. स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून पूर्ण काढा, मल्टीमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येतो (बहुतेक ०.२ किंवा ०.३) तो लक्षात ठेवा आणि नंतर वजा करा, मग लाल प्रोब लाल टर्मिनलला आणि काळा काळ्याला. आकडा थोडा हलतो मग स्थिर होतो. साडेपाच ते साडेसहा आला तर खरा ८ ओहमचा स्पीकर, तीन ते साडेतीन आला तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तो ४ ओहमचा समजून ॲम्प घ्या. दोन्ही स्पीकरचा आकडा जवळजवळ सारखा यायला हवा, एकात जास्त फरक असेल तर आत एखादा ड्रायव्हर गेलाय किंवा कोणीतरी बदललाय.

पायरी ४: ॲम्पचे वॅट वाचायचे कसे

पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेले वॅट) दिसला की ते खोकं खाली ठेवा. आपल्याला पाहिजे ते असं वाक्य: दोन्ही चॅनल एकत्र चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) ०.१ टक्का किंवा कमी, इतके वॅट. होम थिएटरच्या रिसीव्हरवर मोठा आकडा '१ किलोहर्ट्झ, एक चॅनल, ६ ओहम, १० टक्के डिस्टॉर्शन' असा काढलेला असतो, तो स्टिरिओसाठी जवळजवळ निम्मा धरून चाला. काही रिसीव्हरच्या मेनूत ४ ओहम किंवा ६ ओहमची सेटिंग असते, ती लावली की स्पीकरला जास्त ताकद मिळते असं वाटतं पण उलट आहे, बहुतेक मॉडेलमध्ये आतला व्होल्टेज कमी केला जातो म्हणजे ॲम्प कमी तापावा.

सध्या छोट्या क्लास डी ॲम्पची चलती आहे, तळहातावर मावतात आणि खोक्यावर ३०० वॅट. त्यातली चिप चांगली असते, टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीची टीपीए३२५५ तर खरोखर दमदार आहे, पण चिप पॉवर तयार करत नाही, ती ॲडॉप्टरमधून येते. ॲडॉप्टरवर ३२ व्होल्ट ५ अँपिअर लिहिलं असेल तर सगळे मिळून १६० वॅट, त्यातून दोन चॅनलला सलग ३०० कुठून येणार? ४८ व्होल्टचा चांगला ॲडॉप्टर असेल तर हे छोटे ॲम्प ८७-८८ च्या टॉवरला फ्लॅटमध्ये व्यवस्थित पुरतात, तापत नाहीत, वीज कमी खातात, मला स्वतःला पहिल्या सिस्टिमसाठी हा मार्ग आवडतो.

व्हॉल्व्हचा ॲम्प घ्यायचा असेल तर स्पीकर ९० च्या वरचा आणि इम्पीडन्स फार वरखाली न करणारा हवा, मागे ४ आणि ८ चे वेगळे टर्मिनल असतात त्यात दोन्हीवर ऐकून जे बरं वाटेल ते ठेवा. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प चालू करू नका, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

छोटा ॲम्प ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर) जाळतो हे पण सारखं कानावर येतं. छोटा ॲम्प त्याच्या मर्यादेत वाजवला तर काहीच जाळत नाही. त्याच्या बाहेर ढकलला की तो लाटेचे शेंडे कापतो, त्याला क्लिपिंग म्हणतात, मग वरच्या सुरांमध्ये भलतीच ऊर्जा जाते आणि ती सलग जात राहिली की ट्विटरची बारीक कॉइल तापते. आवाज चिरका लागला की त्याच क्षणी कमी करा, एवढी सवय असेल तर ३० वॅटचा ॲम्प २०० वॅटच्या टॉवरवर वर्षानुवर्षं चालतो. बटण घड्याळातल्या दहावर आहे का दोनवर यावरून ॲम्पची ताकद उरली का संपली ते कळत नाही, कारण आजकालचे डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) २ व्होल्ट देतात आणि बटण अर्ध्यावर यायच्या आत ॲम्प पूर्ण ताकदीला पोचलेला असू शकतो.

जुना माल घेताना

बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात, नाहीतर कोणाच्या घरातून, जुने जपानी ॲम्प आणि मोठे स्पीकर निघत असतात आणि त्यात खरोखर चांगला माल असतो. यामाहा एनएस-१००० एम १९७४ चा, ९० डीबी, ८ ओहम, एकेक जवळजवळ ३१ किलोचा, असा काही समोर आला तर मोह होणारच. पण आधी एवढं बघा.

ॲम्पच्या मागे व्होल्टेज काय लिहिलंय? १०० व्होल्ट म्हणजे जपानच्या बाजारातला, १२० म्हणजे अमेरिकेतला. आपल्या २३० मध्ये थेट लावला तर तिथेच संपला. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि इथे लोक सर्रास ११० वाला घेतात. आपल्याकडे लाईन कधी २४५ ला जाते, तेव्हा २३० ला ११० देणारा ट्रान्सफॉर्मर ११७ द्यायला लागतो आणि १०० च्या ॲम्पला ते १७ टक्के जास्त झाले, ॲम्प उकळतो आणि जुने कपॅसिटर बसतात. १०० व्होल्टच्या ॲम्पला १०० चाच बांधून घ्या, प्रायमरी-सेकंडरी वेगळी असलेला, आणि ॲम्पवर ३०० वॅट खर्च लिहिला असेल तर किमान ५००-६०० व्हीएचा.

मग डीसी ऑफसेट, म्हणजे गाणं नसतानाही ॲम्पमधून स्पीकरकडे जाणारा डीसी व्होल्टेज. ॲम्प चालू, आवाज शून्य, स्पीकर काढलेले (ट्रान्झिस्टर ॲम्पला हे चालतं), पाच-दहा मिनिटं गरम होऊ द्या आणि मल्टीमीटर डीसी मिलीव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावा. २०-३० आले तर झकास, ५० पर्यंत ठीक, १०० च्या वर असतील तर दुरुस्ती झाल्याशिवाय त्याला चांगला स्पीकर जोडू नका.

स्पीकरचं जाळीचं कव्हर काढून वूफरच्या कडेचा फोम बोटाने हळूच दाबून बघा, चिकट लागला किंवा भुगा पडला तर तो गेला, फोम नुसता पडून राहिला तरी पंधरा-वीस वर्षांत विरतो आणि आपल्या पावसाळ्याची दमट हवा त्यात भर घालते. तो बदलून मिळतो, त्यामुळे एवढ्यावरून सौदा सोडू नका, भाव कमी करा. वूफरचा कोन (पुढेमागे हलणारा पडदा) चारही बाजूंनी बोटं ठेवून सरळ आत दाबा, खरखर आली तर कॉइल घासतेय, तो मात्र सोडा.

पायरी ५: वायर आणि जोडणी

वायरीवर जास्त पैसे घालू नका. ॲम्पपासून लांबच्या स्पीकरपर्यंत ५ मीटर असेल तर जाऊन येऊन १० मीटर तांबं होतं, २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीत त्याचा रेझिस्टन्स ०.०८ ओहमच्या आत राहतो, ४ ओहमच्या स्पीकरला पण दोनच टक्के. ०.७५ ची पातळ वायर वापरली तर पाव ओहम, म्हणजे सहा टक्के, ते नको. पाच टक्क्यांच्या आत ठेवायचं एवढाच नियम. फिनोलेक्सची किंवा कुठल्याही चांगल्या कंपनीची तांब्याची मल्टीस्ट्रँड वायर २.५ ची घ्या, लाल आणि काळी, पिळून घेतली तर दिसायला पण नीटनेटकी राहते. टोकाला बनाना प्लग लावा, कारण उघड्या वायरीची एक केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी शॉर्ट होतो.

जोडताना ॲम्प बंद, प्लग काढलेला. लाल लालला, काळा काळ्याला, दोन्ही बाजूंना. मागे चार टर्मिनल असलेल्या टॉवरमध्ये दोन पत्र्याच्या पट्ट्या असतात त्या तशाच राहू द्या. एका स्पीकरची वायर उलटी लागली तर बास गायब होतो आणि गायक मधे उभा न राहता खोलीभर पसरतो. शंका आली तर ॲम्पकडची वायर काढून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, सेलचा प्लस लाल वायरीला. वूफर टक् करून पुढे यायला हवा, दोन्ही स्पीकरला सारखाच. फक्त जुन्या जेबीएलमध्ये लालला प्लस दिला की कोन आत जातो, ती त्यांची जुनी पद्धत होती, तिथे घाबरू नका.

ॲम्पवर ए आणि बी असे दोन सेट असतील आणि तुम्ही दोन जोड्या एकदम लावणार असाल तर मागे लिहिलेलं वाचा. ८ ओहमच्या दोन जोड्या एकत्र म्हणजे ॲम्पला ४, आणि ४ च्या दोन म्हणजे २, जे बहुतेक घरगुती ॲम्पना झेपत नाही.

पायरी ६: हॉलमध्ये बसवताना

ॲम्प बदलून न सुटणारी गोष्ट एकच, घुमणं. आपल्या फ्लॅटच्या भिंती विटांच्या, छत काँक्रीटचं, खाली गुळगुळीत टाईल्स, बास बाहेर जायला वावच नाही. हॉल १० फूट रुंद असेल तर त्या रुंदीत ५६ हर्ट्झचा सूर फुगतो, लांबी १६ फूट असेल तर ३५ चा, आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर ५९ चा. ५६ आणि ५९ एकमेकांना चिकटून आले, म्हणून आपल्याकडच्या कितीतरी हॉलमध्ये एकच 'भुम्म' सगळ्या गाण्यात ऐकू येतो. मोठ्या वूफरचे टॉवर ५५-६० ला भरपूर देतात त्यामुळे तो अजूनच जाणवतो, आणि लोक ॲम्पला दोष देऊन ॲम्प विकतात.

आधी सोफा मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे घ्या. स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीपासून किमान फूट-दीड फूट पुढे, कोपऱ्यापासून लांब, मागे पोर्टचं भोक असेल तर अजून थोडे पुढे. तरी घुमत असेल तर पोर्टमध्ये कंपनीचा फोम किंवा गुंडाळलेला पायमोजा घालून बघा. खाली जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, याने बास कमी होणार नाही पण वरचा झणझणाट जातो आणि गायकाचा आवाज स्वच्छ होतो.

ऐकून तपासायचं ते ओळखीच्या रेकॉर्डिंगवर. सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं जाणाऱ्यांना वाटतं आपल्याला आवाज माहितीये, पण मंडपात आपण मोठमोठे लाऊडस्पीकर ऐकत असतो, घरगुती बैठकीत माईकशिवाय तानपुरा आणि तबला ऐकलात तर ती खरी खूण. चांगल्या जोडीवर तानपुऱ्याचे चारही सूर एकमेकांत मिसळूनसुद्धा वेगळे ऐकू येतात, आणि डग्ग्यावर मनगट घासून केलेला मींड खाली जाताना कुठेही मधेच पातळ होत नाही. तो मींड पायरी ३ मधल्या खड्ड्यातूनच जातो, म्हणून ॲम्प निवडताना दुकानात मी तोच लावायला सांगतो.

रात्री १० नंतर निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५, आणि बास तर स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जातो. हळू ऐकताना आपल्या कानाला बास कमी लागतो, त्यासाठीच जुन्या ॲम्पवर लाऊडनेसचं बटण असायचं, रात्री ते दाबा, दिवसा मोठ्याने ऐकताना काढून टाका.

पहिला आठवडा

ॲम्प शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका, वर निदान सहा इंच मोकळे हवेत. तासभर वाजल्यावर वरून हात लावा, गरम लागला तर चालेल, हात ठेवता येत नसेल तर स्पीकर त्याला झेपत नाहीये. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाईट गेल्यावर ॲम्प बंदच ठेवा, ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागतो. गाणं बंद असताना हम्म आवाज येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा, बऱ्याचदा तिथूनच अर्थिंगचा लूप होतो.

आणि प्रोटेक्शन लागून ॲम्प बंद पडला तर लगेच परत चालू करून आवाज वाढवू नका. प्लग काढा, दोन्ही स्पीकरच्या वायरी सोडवा, नुसता ॲम्प चालू करा. तसाही प्रोटेक्शनला गेला तर दोष ॲम्पमध्ये. नीट चालू राहिला तर प्लग काढून एकच स्पीकर जोडा, मग दुसरा. एकाच बाजूला बंद पडत असेल तर त्या बाजूची वायर किंवा स्पीकर मल्टीमीटरने तपासा, आणि दोन्ही बाजू ठीक निघूनही फक्त मोठ्या आवाजात बासला बंद पडत असेल तर त्या टॉवरला ४ ओहमवर टिकणारा दुसरा ॲम्प लागणार.